शीग लावलेला सोडा

मित्रांनो, मी मापाचा एक जुना चमचा आहे. माझ्या दांड्यावर ‘५ मिली’ असं कोरलेलं आहे. प्रतिभाताईंनी मला भांड्यांच्या दुकानातून पारखून घेतलं. शेजारच्या प्लॅस्टिकच्या चमच्यांवरचे आकडे नखाने खरवडताच निघाले, माझे निघाले नाहीत. शिवाय माझं तोंड अरुंद, खायच्या सोड्याच्या बाटलीतही सहज जाणारं. तरीही दोन वर्षं मी ड्रॉवरमध्ये पडून होतो. घरात कुणाला खोकला झाला की औषधापुरती माझी आठवण व्हायची. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग ताई घरी केक करू लागल्या आणि माझे दिवस पालटले. गेल्या महिन्यात गंगापूर रोडच्या एका दुकानदाराने त्यांना सांगितलं, “उद्या चारला नमुना आणा. आवडला तर रोज दहा केक घेऊ.”

नेमका दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा उजवा हात भाजला. मापायचं काम सासूबाईंकडे, नवसाबाईंकडे आलं. घोटीच्या बाजारात तांदूळ मापून देण्यात त्यांचा जन्म गेलेला.

दोन वाजले होते. मैदा एकाच केकपुरता उरला होता. ताई ओव्हन लावायला वळल्या आणि नवसाबाईंनी मला सोड्यात खुपसलं. वर चांगली शीग लावली! अहो, सपाट भरा, सपाट! मी मनातल्या मनात ओरडत होतो, पण चमच्याचं ऐकतो कोण? तो ढीग तसाच मैद्यावर पडला. त्यांनी कालवायला हात पुढे केला.

“आई, थांबा! हात लावू नका!” मागे वळताच ताई ओरडल्या.

“काय झालं गं? सपाट माप टाकायला आपण काय कंजूष हाय का?”

“तांदळाला शीग बरोबर, आई. सोडा जास्त झाला की केक फुगतो आणि मधेच बसतो. चवही बिघडते.”

नवसाबाईंचा चेहरा उतरला. “माझ्यापायी तुझं काम जायाचं गं. लय चुकलं माझं.”

ताईंनी डाव्या हातात मलाच धरून तो ढीग अलगद उचलून काढला. नवसाबाईंनी मला पुन्हा भरलं आणि सुरीची पाठ माझ्या काठावरून फिरवली. जन्मात पहिल्यांदाच त्या सपाट माप देत होत्या.

पस्तीस मिनिटं दोघी ओव्हनच्या काचेला डोळे लावून बसल्या. केक फुगला. आता बसतो की काय, अशी धास्ती होती. तो बसला नाही.

चारच्या आत केक दुकानात पोचला. संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला, “उद्यापासून दहा पाठवा.” नवसाबाईंनी पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, काठोकाठ भरा आणि वरचं निपटून काढा. त्यात कंजुषी नाही. त्या दुपारी वरच्या चिमूटभर सोड्यापायी एका बाईची सगळी मेहनत वाया जाणार होती.