खिडकीतला मौनाचा शॉट

सिनेमा बघायला बोलावणं आलं, तेव्हा मी सुनेला बजावून ठेवलं होतं, की तिथे रडायचं नाही. दाढीवाल्याला रडणं फार आवडतं, लगेच कॅमेरा काढेल. दाढीवाला म्हणजे दिग्दर्शक. मागच्या वर्षी तह झाल्या झाल्या त्याने आमच्या दोन खोल्यांत अकरा दिवस मुक्काम ठोकला होता. सैनिकाच्या घरातली शांतता टिपायची आहे, म्हणाला. मी म्हटलं, टिपा बापडे, सापडली तर आम्हालाही दाखवा.

मुलगा तेव्हा रजेवर होता. तह कागदावर होता, बंदुका कुणी खाली ठेवल्या नव्हत्या. रजा संपली, तो सरहद्दीवरच्या चौकीत परत गेला आणि सहाव्या आठवड्यात त्याची शवपेटी घरी आली. सोबतच्या पत्रात 'अपघात' असं लिहिलं होतं. लढाईच नाही म्हटल्यावर लढाईत मरणार कसा?

तेव्हापासून सून माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं म्हणणं, मी त्याला धाडला. माझं म्हणणं, तो आपल्या मर्जीने गेला, मला एका शब्दाने विचारलं नाही. या वाक्यावर मी वर्ष काढलंय. सिनेमा आमच्या गिरणीच्या सभागृहात लावायला दाढीवाल्याला माझी सही हवी होती. मला मुलाचा चेहरा बघायचा होता. त्यावर मर्जी दिसते का, एवढंच.

पडद्यापुढे आम्ही तिघंच होतो. सुरुवातीला माझे हात भांडी घासताना इतका वेळ दाखवले, की मला वाटलं यंत्रच अडकलं. मग आमची बंद खिडकी आली आणि काचेपलीकडे तो.

"हा शॉट म्हणजे माझ्या सिनेमाचा जीव," दाढीवाला म्हणाला. "एक शब्द नाही. नुसतं मौन."

कापडगिरणीत मागांवर मी सव्वीस वर्षं काढली, सुनेची नऊ झाली. त्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळ्या आवाजाशिवाय ओठांनीच बोलतो. घरीही तीच सवय. मुलगा बोलायला शिकला तो दोन्ही तऱ्हांनी. आणि त्या अकरा दिवसांत घरभर माईक लावलेले, मनातलं बोलायचं तरी कुठे? पडद्यावर तो आमच्या गिरणीच्या तऱ्हेने बोलत होता, ओठ ताणून, अगदी स्वच्छ.

"आई, मी परत गेलो नाही तर चालेल का?"

थोडा थांबला. मग पुन्हा तेच. "चालेल का? तू हो म्हण. नाही जात मी."

त्या दिवशी मी बाहेर अंगणात कॅमेऱ्याच्या शेजारीच उभी होते. माझ्या चष्म्याच्या काचा खिडकीत चमकतात म्हणून दाढीवाल्याने तो काढून ठेवायला लावला होता. मला समोर नुसतं पांढुरकं काहीतरी दिसत होतं. वाटलं, पोरगं अवघडलंय, जरा धीर द्यावा. म्हणून मी हात वर करून बोटं दोनदा पुढे झटकली. छान चाललंय, असं मला म्हणायचं होतं. पण मागावर त्या खुणेचा अर्थ एकच. थांबू नकोस, लाग कामाला.

पडद्यावर माझा हात नव्हता. त्याचा चेहरा होता. तो बघत राहिला, मग जरासा हसला आणि त्याने शहाण्यासारखी मान डोलावली.

"काय स्वीकार आहे बघा," दाढीवाला कुजबुजला. त्याचं नरडं धरावंसं वाटलं. पण चष्मा त्याने काढायला लावला, हात माझा होता.

दिवे लागले. दाढीवाला कागद आणायला आत गेला. सून माझ्याकडे वळली. तिनेही त्याचे ओठ वाचले होते. ओठांनीच तिने विचारलं, तुम्ही काय म्हणालात? लपवून काय उपयोग होता? मी हात वर केला आणि ती खूण करून दाखवली. मला तेव्हा दिसत नव्हतं गं, हेही सांगितलं. तिने माझा तो हात धरला आणि खाली आपल्या मांडीवर ठेवला. वर्षभरात तिने मला हात लावला नव्हता.

दाढीवाला आला आणि म्हणाला, पहिला खेळ गिरणीतल्या बायकांसाठी फुकट ठेवलाय, सभागृह भरणार. सही कुठे करायची, तिथे त्याने बोट ठेवलं.

"आई, नका करू," सून म्हणाली. "सगळ्या वाचतील. तुम्हाला जगू देणार नाहीत."

"वाचू देत," मी म्हटलं. "वर्षभर मी प्रत्येकीला सांगत आले, त्याने मला विचारलं नाही म्हणून. त्याने दोनदा विचारलं होतं."

आणि मी पेन मागितलं.