विबियाचा पहिला शब्द

"खडे आधी टाक गं, मग पोट लिंप. भाजून निघाल्यावर हळहळून उपयोग नाही!" कुंभारीण सुनेला सांगत होती. तो आवाज मला अजून आठवतो.

मित्रांनो, मी एक जुना खुळखुळा आहे. मातीचा, डुकराच्या पिल्लाच्या आकाराचा. रोमजवळच्या एका घरात विबिया जन्मली, तेव्हा तिला दृष्ट लागू नये म्हणून मला पाळण्याला बांधले.

विबियाने पहिला घास गिळला, एदुकादेवीला नैवेद्य झाला. पहिला घोट घेतला, पोतिनादेवीला झाला. उभी राहिली, स्तातिनादेवीला झाला. वाचा देणाऱ्या फाबुलिनुसाचा मात्र राहूनच गेला. मुलगी तीन वर्षांची झाली, तरी तोंडातून अक्षर नाही.

"तिला बोलू दे, देवा. त्याच दिवशी माझ्या हातचा मधाचा रोट घेऊन अनवाणी येईन," तिची आई हेल्विया रोज हात पसरून म्हणे.

शेवटी वडिलांचा, लुकियुसांचा, धीर सुटला. "मुकी पोर पाहुण्यांपासून किती लपवायची? डोंगरातल्या शेतावर राहील, कारभारणीपाशी."

दारात गाडी जुंपली. हेल्वियाला रडू आवरेना. त्या धांदलीत मी विबियाच्या हातून निसटलो आणि लुकियुसांचा पाय माझ्यावर पडला. कडकन माझा एक पाय मोडला.

"गाढवा!"

बोलली कोण? विबिया! तीही बापाकडे बोट दाखवून!

दाई ख्रेस्तेच्या हातातले गाठोडे गळून पडले. शब्द तिचाच होता. स्वयंपाक्यावर ती दिवसभर तो उधळायची.

"मालक, मी नाही हो शिकवला!"

"मग मी शिकवला?" स्वयंपाकी मागून म्हणाला. "मला तर उठल्याबसल्या तोच प्रसाद!"

"ही शिवी झाली," लुकियुस कसेबसे म्हणाले. "देव हा पहिला शब्द धरणार नाही."

"अहो, देवाने दिलेला पहिला शब्द आहे," हेल्विया हळूच म्हणाली. "त्याला नावं ठेवू नका."

लुकियुस गुडघ्यांवर बसले. "काय म्हणालीस, बाळ? पुन्हा म्हण."

"गाढवा!" या वेळी आणखी मोठ्याने.

त्यांनी तिला छातीशी धरले. "खेचरं सोडा रे गाडीची!"

मित्रांनो, माझा पाय पुन्हा जुळला नाही. तो धक्काही अजून ओसरलेला नाही. एवढेच मागणे आहे, ज्याला अजून वाचा फुटली नाही, त्याला घराबाहेर काढायची घाई करू नका.

घरात हसण्यारडण्याचा गोंधळ चालला होता. हेल्विया केव्हाच चुलीपाशी गेली होती. रोट भाजून झाल्यावर तिने तो तमालपत्रांवर ठेवला, उंबऱ्यापाशी वहाणा काढल्या आणि कुणाला न सांगता फाबुलिनुसाच्या वेदीची वाट धरली.