रुळातलं पिवळं

काजवालीने तणाचा बुंधा मुठीत धरला, पाय रोवले आणि हिसडा दिला. मूळ मातीसकट वर आलं. तिने ते मागे भिरकावलं आणि पुढच्याला हात घातला.

शर्टांच्या कारखान्याबाहेर बायका सकाळपासून तण उपटत होत्या. आत असताना जी ज्या कामाला, तेच तिचं नाव पडलं होतं. काज करणारी काजवाली, कॉलर लावणारी कॉलरवाली. हिवाळ्याच्या तोंडावर मालकाने न सांगता न सवरता फाटक बंद केलं. काम गेलं, नावं तेवढी राहिली. तेव्हापासून त्या फाटकाबाहेर ठिय्या देऊन होत्या, आणि मॅनेजर सांगत सुटला होता की फाटक रोज उघडतं, बायाच कामावर येत नाहीत. हे खरं धरलं गेलं की नोकरी कायमची गेली. आज सरकारी साहेब स्वतः बघायला येणार होता.

थंडी ओसरली तशी फाटकापुढची जमीन कुणाची परवानगी न घेता फुलली होती. फरशीच्या भेगा, गटाराची कड, भिंतीचा पाया, जिथे नख शिरणार नाही तिथून पिवळी फुलं डोकं वर काढून उभी.

"साहेबापुढे असला उकिरडा नको," कॉलरवाली म्हणाली होती. "म्हणेल, यांना दार झाडता येत नाही, शर्ट काय शिवणार."

झालं, सगळ्या कामाला लागल्या. घरातून हाकलून दिलं तरी बाईने उंबरठा झाडून निघायचं, हे हाडात मुरलेलं.

मोठ्या सरकत्या फाटकातलं छोटं दार उघडून मॅनेजरने डोकं बाहेर काढलं.

"वा. पहिल्यांदाच शहाणपणा केलात," तो म्हणाला. "रुळातलं, चाकाजवळचंही काढा. चांगलं मुळापासून. चहा पाठवतो."

दार लागलं. काजवाली हात झटकत उभी राहिली.

"चहा? ऐन थंडीत प्यायला पाणी मागितलं तर याने नळ बंद केला."

"सुधारला असेल," कॉलरवाली म्हणाली.

"हा? याला मुंगळा चावला तर मुंगळा मरेल."

ती रुळापाशी उकिडवी बसली. वाऱ्याने रुळाच्या खाचेत माती भरली होती आणि त्या मातीत तण गच्च माजलं होतं. एक लांब देठ फाटकाच्या चाकाला वेढा घालून पलीकडे निघाला होता. टोकाला फूल. तिने ते चिमटीत धरलं. मग सोडलं.

"थांबा गं. कुणी हात लावू नका."

"अगं, साहेब येईल एवढ्यात."

"येऊ दे. हे चाक एकदा जरी फिरलं असतं ना, तर याचा चोथा झाला असता."

कॉलरवालीने हातातली जुडी पाहिली, मागचा ढीग पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आणि आपणच उपटत बसलो की गं."

 काजवाली रुळावरच मांडी ठोकून बसली.

चहा आला नाही. वॉचमन आला, हातात विळा घेऊन. तो तिचा सख्खा धाकटा दीर. आता घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चालत होतं. हिवाळाभर त्याने वहिनीच्या नजरेला नजर दिली नव्हती. आताही तो विळ्याकडेच बघत होता.

"वहिनी, उठा. कापायला सांगितलंय."

"कापा की भाऊजी. आधी मला उचलून बाजूला ठेवा, मग कापा."

तो घुटमळला. मागून मॅनेजर ओरडला, "काय झालं?"

"विळ्याला धार नाही साहेब."

बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं.

तेवढ्यात वळणावर गाडी दिसली. मॅनेजरने गाडीकडे पाहिलं, रुळाकडे पाहिलं.

"मरू दे तो विळा. फाटक सरकव. पूर्ण उघड."

एक धक्का, आणि अख्ख्या हिवाळ्याचा चिखल झाला असता. काजवालीने उजवा हात चाकापुढे, रुळावर ठेवला. याच हाताच्या बोटातून एकदा मशीनची सुई आरपार गेली होती, नख अजून काळं होतं.

"ढकला भाऊजी," ती म्हणाली.

त्याने फाटकाची दांडी धरली. मनगटाच्या शिरा फुगल्या. गाडी येऊन थांबली, हॉर्न वाजला.

"ढकल म्हणतो ना. कामावर राहायचंय की नाही?"

दिराने दांडी सोडली. विळा भिंतीला टेकवून ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि तो गाडीच्या खिडकीशी जाऊन वाकला.

"साहेब, जरा उतरता का? उघडायच्या आधी एकदा बघून घ्या."

साहेब उतरला. तणाच्या ढिगाला वळसा घालून आला आणि चाकापाशी गुडघ्यावर बसला. बराच वेळ उठला नाही. छोटं दार आतून लागलं, कडी वाजली.

दीर बाहेरच राहिला होता, हातात टोपी. काजवालीने पदर आवरून शेजारी जागा केली.

"बसा भाऊजी," ती म्हणाली. "फुलावर तेवढं बसू नका."