श्वास सरांचं अर्धं पाऊल

आमच्या विभागात हळू चालण्याची पदवी मिळते. नातेवाइकांना सांगताना मी "शरीर-मन हालचालींचा अभ्यास" असं म्हणतो. मग ते विचारतात, "म्हणजे नोकरी कशाची?" मग मी पाणी प्यायला उठतो. तेही हळूच.

विभागाचा नियम एकच. जो पुढे उभा आहे तो जे करेल, ते मागच्यांनी जसंच्या तसं करायचं. का, असं विचारायचं नाही. अंगात मुरलं की अर्थ आपोआप वर येतो, असं आमचे विभागप्रमुख सांगायचे. त्यांना आम्ही श्वास सर म्हणायचो. बोलायला सुरुवात करण्याआधी ते एवढा मोठा श्वास घ्यायचे की खोलीतल्या बाकीच्यांनी आपापला जपून वापरावा.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःची हालचालींची मालिका रचावी लागते. त्यावरच पदवी. माझी मालिका झोपेतून उठून दारापर्यंत जाणाऱ्या माणसाची होती. अंथरूण, कूस, बसणं, उठणं, आणि मग दाराकडे चालत जाणं. रोजच्या सरावाचं चित्रण विभागाच्या कॉम्प्युटरवर टाकायचं असायचं. ते मी ताईच्या हॉलमध्ये करायचो. माझी ताई दातांची डॉक्टर. ती फोन धरायची आणि मधूनच सवयीने म्हणायची, "थोडं मोठं उघड." काय उघडायचं, ते तिलाही माहीत नसायचं.

आता माझ्या पायाबद्दल. शाळेत असताना मी सायकलसकट नाल्यात गेलो होतो. सायकल दुरुस्त झाली. डावा घोटा नीट जुळला नाही. तेव्हापासून माझं डावं पाऊल अर्धंच पडतं. मालिकेतही ते अर्धंच पडायचं. त्यात तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं, घोटा होता.

एके दिवशी श्वास सरांनी आम्हा सगळ्यांना जमवलं आणि स्वतःची नवी पद्धत शिकवायला घेतली. अंथरूण. कूस. बसणं. उठणं. मग ते दाराकडे निघाले, आणि त्यांचं डावं पाऊल अर्धंच पडलं.

सरांचे दोन्ही घोटे ठणठणीत होते. जिने ते धावत चढायचे.

"हे अर्धं पाऊल," सर श्वास घेऊन म्हणाले, "म्हणजे मन शरीरात शिरताना उंबऱ्यावर घुटमळतं, ते घुटमळणं."

अख्खा वर्ग घुटमळत दाराकडे निघाला. धडधाकट पोरं-पोरी, सगळी डाव्या पायाने लंगडत. मीही त्यांच्यात लंगडत होतो. मला वेगळे कष्ट पडले नाहीत.

निकाल लागला तेव्हा मी नापास होतो. शेरा होता, "मौलिकता नाही. विभागप्रमुखांच्या पद्धतीची नक्कल."

मी त्यांच्या खोलीत गेलो. सर खुर्चीत मांडी घालून बसले होते.

"सर, ती मालिका माझी आहे."

श्वास. "मालिका कुणाची नसते रे. ती वाहते."

"मग ती तुमच्याच नावाने का वाहतेय?"

आणखी मोठा श्वास. "राग धरू नकोस. पुन्हा परीक्षेला बस, माझी पद्धत नीट शीक. आणि तुझ्या भल्यासाठी एक सांगतो. तुझं अर्धं पाऊल अजून खरं वाटत नाही. ओढूनताणून लंगडल्यासारखं दिसतं."

तोपर्यंत मी फक्त दुःखी होतो. त्या वाक्यानंतर मी अगदी शांत झालो. विभागात दोन वर्षं शोधूनही न सापडलेली शांती मला त्या खोलीत मिळाली, आणि ती सगळीच्या सगळी सरांच्या वाइटावर होती.

"तक्रार कर," ताई म्हणाली.

"तक्रारी त्यांच्याकडेच जातात."

"मग दाढ दुखायला लागली की माझ्याकडे पाठव."

"ती कधी दुखायची? मला आत्ता हवंय."

ताईने माझ्याकडे निरखून पाहिलं. "लंगडबुवा, तुझे डोळे बघ कसे चमकतायत. आई-बाबांनी तुला इंजिनियर केलं असतं तर तू एखादा पूल पाडला असतास."

नापास झालेल्यांनाही सरावाचं चित्रण टाकत राहावं लागतं, आणि सर ते बघतात, हे आता मला पक्कं ठाऊक होतं. मी आधी छोटा गळ टाकून पाहिला. मालिकेत उठून बसल्यावर मी उजवा कान खाजवला. कारण काही नाही, फक्त खाजवला. पुढच्याच आठवड्यात वर्गात सगळ्यांनी उठून बसल्यावर उजवा कान खाजवला. सरांनी त्याला कर्णजागर म्हटलं.

मग मी गालावर बसलेला एक डास मारला. डास नव्हताच, तरी मारला. सरांनी त्याला जागृतीची थाप म्हटलं. वर्गातली एक मुलगी ती थाप इतकी मनापासून मारायची की तिचा एक गाल कायम लाल असायचा. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं, पण थांबण्याइतकं नाही.

त्याच सुमारास विद्यापीठाने नवं हालचाल केंद्र काढायचं ठरवलं. त्याचं संचालकपद श्वास सरांना हवं होतं. बाहेरून समिती येणार होती आणि तिच्यासमोर सर पद्धतीचं प्रात्यक्षिक देणार होते. एका दुपारी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"तुझ्या सरावात शेवट जरा कच्चा राहतो," ते म्हणाले. "काहीतरी सुचलं तर टाक हो चित्रण. मी मार्गदर्शन करीन."

म्हणजे साहेबांना शेवट हवा होता.

मी ताईला बेत सांगितला. मालिका करत दारापर्यंत जायचं. थबकून दोनदा नाक ओढायचं, काहीतरी जळत असल्यासारखं. मग दार उघडून बाहेर जायचं, दार लावून घ्यायचं, आणि परत यायचंच नाही. मागे रिकाम्या खोलीचं चित्रण चालू ठेवायचं.

पहिला प्रयत्न ताईला पसंत पडला नाही. "तुला खोटा वास घेता येत नाही. डोळ्यांत दिसतं." तिने स्वयंपाकघरात इस्त्री लावली आणि तिच्याखाली स्वतःचा जुना अ‍ॅप्रन ठेवला. दुसऱ्या वेळी मी इतक्या तळमळीने नाक ओढलं आणि इतक्या खऱ्या घाईने बाहेर पडलो की अभिनयाचा प्रश्नच उरला नाही. स्वयंपाकघरात जाऊन इस्त्री बंद केली. ताई तोंडाला दवाखान्यातला मास्क लावून, खांदे हलवत, रिकामा हॉल टिपत राहिली.

सरांना तो शेवट फार भावला. "रिकामेपण," ते वर्गाला म्हणाले, आणि त्यांचे डोळे पाणावले. "साधक जातो. मागे फक्त जागा उरते."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मला गटात घेतलं नाही. नापास मुलाचं पाऊल खरं वाटत नसल्यामुळे मला खुर्च्या लावायला आणि दार सांभाळायला ठेवलं. समितीचे तिघे पहिल्या रांगेत बसले. अध्यक्ष हाडांच्या निवृत्त डॉक्टर होत्या, जाड चष्म्याच्या बाई.

सर पुढे आणि अख्खा वर्ग मागे. अंथरूण, कूस, बसणं. सगळ्यांनी कान खाजवला. सगळ्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारली. समितीतले एक गृहस्थ नकळत आपला गाल चाचपायला लागले. मग सर उठले आणि लंगडत निघाले, मागून सगळा वर्ग लंगडत निघाला. दारापाशी सगळ्यांनी दोनदा नाक ओढलं. मी अदबीने दार उघडलं. श्वास सर माझ्याकडे न बघता बाहेर गेले, त्यांच्यामागे एकेक जण गेला, शेवटी लाल गालाची मुलगी गेली. मी दार लावलं आणि कडी घातली.

सभागृहात फक्त जागा उरली.

समितीने बराच वेळ त्या जागेकडे पाहिलं.

"आता काय होणार?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, बाई. हा शेवट आहे."

"ते गेले कुठे?"

"इस्त्री बंद करायला."

मी माइकपर्यंत चालत गेलो. बाईंनी चष्मा वर सरकवून माझा डावा पाय पाहिला, मग बंद दाराकडे पाहिलं, मग पुन्हा माझा पाय.

"तुझा घोटा नीट जुळलेला नाही."

"नाही."

"आणि त्यांचे सगळ्यांचे?"

"अगदी उत्तम आहेत, बाई."

मग मी सगळं सांगितलं. नाला, डास, अ‍ॅप्रन, शेरा. काही वाढवलं नाही, वाढवायला जागाच नव्हती. बाई म्हणाल्या, "डास वगळून करून दाखव." मी सतरंजीवर आडवा झालो, कूस बदलली, बसलो, उठलो, आणि माझ्या पायाने दारापर्यंत चालत गेलो. कडीवर हात ठेवून थांबलो. माझी मालिका मुळात इथंच संपायची. कच्चा शेवट होता तो.

मग बाई शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या, "केंद्राचं राहू दे बाजूला. या मुलाला नापास कुणी केलं, ते आधी मला विद्यापीठाकडून लेखी हवंय. पुन्हा तपासायला मी स्वतः बसेन."

तेवढ्यात माझ्या हाताखाली दार वाजलं. आधी शिस्तीत, मग जोरात. पलीकडून एक भलामोठा श्वास ऐकू आला.

"अहो, उघडा," श्वास सर म्हणाले. "कुणीतरी उघडा."

"उघड की," बाई म्हणाल्या.

"पद्धतीत परत येणं नाहीये, बाई," मी म्हणालो. "त्यांनीच सगळ्यांना तसं शिकवलंय."

बाई खुर्चीत मागे रेलल्या.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या.