एका कंपनीला एकच टेबल

थोरली वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायची. घरात तिला सगळे थोरली म्हणत, कारण ती थोरली सून. तिची जाऊ ती धाकटी. तर थोरलीला देश कुठे चाललाय याच्याशी देणंघेणं नव्हतं, माणसं कुठे जमणार आहेत एवढंच हवं असायचं. पुस्तकांचं प्रदर्शन, रक्तदान शिबिर, शाळेचा आनंदमेळा, कुत्र्यांची स्पर्धासुद्धा. जिथे माणसं जमतात तिथे टेबल मांडता येतं, असं तिला कंपनीच्या सभेत शिकवलं होतं. एकदा कुणा डॉक्टरांच्या शोकसभेची बातमी वाचताना तिच्या मनात आलं, हॉल मोठा आहे, गर्दी चांगली होईल. मग तिची तिलाच लाज वाटली. पण लाजता लाजता तिनं हॉलचा फोन नंबर उतरवून घेतला होता, हेही खरं.

विकायचं काय, तर बाटल्या. फरशी पुसायची, काचा पुसायची, भांडी घासायची. ही बाटली दुकानात मिळत नाही, ओळखीच्या माणसानं ओळखीच्या माणसाला विकायची. आणि नुसतं विकून भागत नाही, घेणाऱ्यालाही विकायला लावायचं. ती आपली टीम, आणि ज्याची टीम तो लीडर. थोरलीनं हौसेहौसेनं शिंपीणबाई, शाळेतल्या शिपाईणबाई, दूधवाल्याची बायको, सगळ्यांना ओढलं. परिणाम असा झाला की ओळखीत गिऱ्हाईक म्हणून कुणी उरलंच नाही, जी ती विकणारी. एकमेकींना विकणार काय, कपाळ? बाटल्या ज्याच्या त्याच्या मोरीत पडून राहिल्या आणि एकेक बाई गळाली. शिंपीणबाई तर थोरली दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागल्या. शेवटी टीममध्ये उरली एकटी धाकटी.

धाकटी आधी रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. हात इतका हलका की म्हातारी माणसं तिच्यासाठी खोळंबून बसायची. थोरलीनंच भाजी निवडता निवडता तिच्या डोक्यात भरवलं, "किती दिवस दुसऱ्याची चाकरी करणार तू? मालकीण हो." धाकटीनं नोकरी सोडली. थोरलीचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नव्हता. तिचं बाळंतपण अवघड गेलं तेव्हा थोरलीनं पोटच्या पोरीसारखं केलं होतं, आणि ते दोघीही विसरल्या नव्हत्या.

असं सगळं असताना शाळेच्या हॉलमध्ये गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन जाहीर झालं. गावातलं वर्षातलं सगळ्यात मोठं. थोरलीनं बातमी पुरती वाचायच्या आधीच फोन फिरवला.

"एका कंपनीला एकच टेबल देतो आम्ही, मॅडम," प्रदर्शनाचे कार्यवाह म्हणाले. "तुमच्या कंपनीचं गेलं."

"गेलं? कुणाला?"

कागद चाळल्याचा आवाज आला. त्यांनी पत्ता वाचून दाखवला. पत्ता थोरलीच्याच घराचा होता, आणि तसं तिच्या तोंडून निघूनही गेलं.

"अहो, तुम्ही घरात एकमेकींशी बोलता की नाही?" कार्यवाहांना हसू आवरेना.

थोरलीनंही हसून वेळ मारून नेली. फोन ठेवला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा स्वयंपाकघरात आली. धाकटी खाली मान घालून कांदा चिरत होती. हिला मी हाताला धरून आणलं, बोलायला शिकवलं, आणि हिनं माझ्याच पाठीत सुरी खुपसावी? शब्द अगदी ओठावर आले होते. पण त्यांच्या आधी तिला स्वतःचेच शब्द आठवले. कंपनीची वही समोर घेऊन तिनंच धाकटीला बजावलं होतं, मेळ्याची बातमी सख्ख्या बहिणीलासुद्धा द्यायची नाही. धाकटी गुणी विद्यार्थिनी निघाली, दुसरं काय!

"मीठ कुठे ठेवलंय?" थोरलीनं विचारलं. मीठ तिच्या समोरच होतं. धाकटीनं वर न बघता बरणी पुढे सरकवली. या दोघींमध्ये एवढ्या वर्षांत लपवाछपवी म्हणून नव्हती, आणि आता एका ओट्यापाशी उभं राहून दोघी चोरासारख्या वागत होत्या. थोरलीला फार वाईट वाटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी ती घरी थांबूच शकली नाही. नुसती बघून येते, असं स्वतःला सांगून निघाली. हॉलमध्ये शिरताच मिक्सरवाल्याभोवती झुंबड दिसली, कारण तो रस फुकट पाजत होता. धाकटीचं टेबल पार टोकाला, जिन्याखाली, स्वच्छतागृहाच्या दाराशी. तिच्याकडे माणसं येत होती, नाही असं नाही. पण सगळी एकच विचारत होती, बायकांचं कुठलं? धाकटी प्रत्येकीला तोंडभर हसून दार दाखवत होती, आणि बाई आत गेली की तिचं हसू ताबडतोब मावळत होतं.

थोरली जवळ गेली. धाकटी फडक्यावर तेलाचा डाग पाडत होती. समोर कुणीतरी उभं आहे एवढंच तिला कळलं आणि तिनं सुरू केलं, "नमस्कार मॅडम, तुमची फक्त दोन मिनिटं घेते. तुमच्या घरात फरशी..."

मग तिनं वर बघितलं. "अगंबाई! ताई?"

"माझ्या घरातली फरशी तूच पुसतेस की," थोरली म्हणाली.

दोघींना हसू फुटलं. धाकटीचं हसू थांबता थांबता रडू झालं.

"तुमच्यापासून लपवलं मी. बोला मला काय बोलायचं ते."

"नाही गं. डोळे पूस आधी."

"सकाळपासून घसा कोरडा केला, ताई. एक बाटली हलली नाही." तिनं पदरानं नाक पुसलं. "आज लॅबच्या सरांचा फोन आला होता. नवीन मुलगी सोडून गेली. परत येतेस का म्हणाले, पण आजच सांग म्हणाले. घरात कुणाला बोलले नाही अजून. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. जाऊ का मी? तुम्ही म्हणाल तसं करते."

जा. एवढंच म्हणायचं होतं. धाकटीचं भलं कशात आहे हे थोरलीला स्वच्छ कळत होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पण धाकटी गेली की टीम संपली, आणि टीम संपली की कसली लीडर? घरात सून म्हणून आल्यापासून तिला कुणी कसलं मत विचारलं नव्हतं. त्या सभांमध्ये मात्र तिला नाव घेऊन स्टेजवर बोलवायचे, हातात माईक द्यायचे, आणि अख्खा हॉल ती काय बोलते ते ऐकत बसायचा. ते आता सुटणार होतं. तरीही जा म्हणायचं असं ठरवूनच तिनं तोंड उघडलं.

"पुढच्या महिन्यात गाड्यांचं प्रदर्शन आहे," ती म्हणाली. "मोठ्या मैदानावर. याच्या दसपट गर्दी असते तिथे. मी बोललेय त्यांच्याशी, आपल्याला दाराजवळची जागा देतायत."

ती कुणाशी बोलली नव्हती.

"आता सोडलंस तर एवढं केलेलं सगळं पाण्यात जाईल. जरा कळ काढ."

धाकटीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. हिला कळू दे, थोरलीला वाटलं. खोटं बोलताय म्हणून हिनं भांडावं, सगळ्या हॉलसमोर माझी शोभा करावी, आणि तरातरा निघून जावं. पण धाकटीचा चेहरा हळूहळू निवळला.

"दाराजवळ? खरंच?"

"खरंच."

"मग झालं तर. तुम्ही पाठीशी असल्यावर मला कसली काळजी?" तिनं पर्समधून फोन काढून तिथल्या तिथे लावला. "सर, नमस्कार. नाही सर, नाही जमायचं... हो, नीट विचार केला... आमच्या ताईंनाही विचारलं..."

पलीकडून सर बराच वेळ काहीतरी समजावत राहिले. धाकटी हं हं करत ऐकत होती. मग फोनवर तळवा ठेवून ती थोरलीकडे वळली.

"म्हणतायत, तुझी जागा आहे, अजून एकदा विचार कर. काय सांगू, ताई?"

हिनं मला विचारायला नको होतं, थोरलीच्या मनात आलं. मग तिनं नाही म्हणून मान हलवली.