पाखरीचं उठणं

तात्याबाला बैलातलं सगळं कळतं, हे निघोज्यात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती, कारण तात्याबा स्वतःच ते सगळ्यांना सांगत असे. भिंतीपलीकडे बैल खोकला तर तो कुणाचा हे त्याला अलीकडे कळे. बैलाच्या नुसत्या चालीवरून कुठला खांदा सुजलाय ते तो सांगे, आणि एखाद्याचा बैल बसला, उठेना झाला, की आजूबाजूच्या वाड्यांवरून त्याला बोलावणं येई. त्याचा उपाय ठरलेला होता. "तोंड खाली दाबा, शेपटीला हात घाला, मागलं उचला. मागलं उठलं की पुढलं आपसूक येतंय." या एका वाक्यावर त्या भागातले कितीतरी बैल परत उभे राहिले होते. त्यामुळे म्हाताऱ्याला थोडा माज होता, आणि तो त्याला शोभतही होता.

घोडीचं मात्र त्याला काही कळत नव्हतं. घोडी आणली ती गोरक्षनं, म्हणजे त्याच्या मुलानं. गोरक्ष चाकणच्या कंपनीत गाड्यांचे धक्का झेलणारे शॉकअप बनवायचा, पण जीव सगळा बैलगाड्यात. या भागात शर्यतीच्या घाटावर गाडा पळतो तेव्हा बैलांच्या पुढं एक घोडी पळते, आणि बैल तिच्यामागं जिवाच्या आकांतानं सुटतात. दर वेळी दुसऱ्याची घोडी मागून आणायची गोरक्षला लाज वाटायला लागली, म्हणून त्यानं पाखरी आणली. लालसर अंगाची, कपाळावर चिमूटभर पांढरी.

"घोडं म्हंजी पोलिसाचं न्हाईतर नवरदेवाचं," तात्याबा म्हणाला. "कुणब्याच्या दावणीला शोभतंय व्हय?" असं म्हणून तो रुसला. पण एकदा तो गुलब्या बैलाचं अंग चोळत बसला असताना पाखरीनं मागून येऊन त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं आणि उपरण्याचं टोक हळूच दातांत धरून ओढलं. तिथंच रुसवा संपला. त्या दिवसापासून ताटातल्या भाकरीचा पहिला तुकडा पाखरीला जायला लागला.

"माझ्या वाटची तरी ठेवा," त्याची बायको ठकुबाई म्हणायची.

एक गोष्ट मात्र त्याला उमजत नव्हती. पाखरी कधी बसत नसे. सकाळी बघावं तर उभी, दुपारी बघावं तर उभी, डोळे मिटून पेंगत असली तरी उभी. गुलब्या शेजारी निवांत पाय दुमडून रवंथ करायचा आणि ही आपली खांबासारखी. दमत कशी नाही ही? हे कुणाला तरी विचारावं असं त्याला फार वाटे. पण जन्मभर ज्यानं दुसऱ्याला सांगितलं, त्यानं विचारायचं कसं? तेव्हा घोडं बसतच नसतं, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

आणि एका सकाळी पाखरी पडली.

गोठ्यात गोरक्षनं सिमेंटचा नवा कोबा केला होता, कंपनीतल्या फरशीसारखा गुळगुळीत. ठकुबाईनं शेण काढून तो पाइपनं धुतला, आणि ओल्यावर पाखरीचे मागचे पाय सटकले. ती कुशीवर अशी आदळली की गुलब्यानं दचकून दावं ताणलं. गोरक्ष पहिल्या शिफ्टला गेलेला. त्याचा फोन कंपनीत आत नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये. दुखऱ्या गुडघ्यांनी तात्याबा धावत आला, चारही पाय वरपासून खालपर्यंत चाचपले. कुठं मोडलेलं लागलं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. मग काय, उठवायचं तेवढं उरलं, आणि उठवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

शेजारचा खंडू आला, आणखी दोघं आले. मागच्या मांड्यांखालून दोर घातला, बांबू घातला. एकानं शेपूट धरलं. घोडी डोकं आपटून घेईल म्हणून तात्याबा स्वतः तिच्या मानेवर बसला आणि तोंड दोन्ही हातांनी जमिनीला दाबून धरलं.

"हां, उचला रं!"

मागलं उचललं. पण पुढलं आपसूक आलं नाही. पाखरी नुसती थरथरली, पुढचे पाय कोब्यावर खरडले, आणि मागचं सगळं ओझं धाडकन खाली आलं. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. तिचं अंग घामानं काळं पडलं. नाकपुड्या फुलल्या, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला. आणि प्रत्येक वेळी ती मान वर करायला बघायची, आणि प्रत्येक वेळी तात्याबा ती जास्त जोरानं दाबायचा, मायेनं, तिला लागू नये म्हणून.

"तात्या, आतून मोडलंय काय तरी," खंडू कपाळ पुसत म्हणाला.

"डाक्टरीणबाईला फोन लावा की," ठकुबाई म्हणाली.

"मला आता डाक्टर शिकीवणार का, जनावर कसं उठवायचं ते?"

"तुमाला बैल येतोय वो. ह्यो बैल न्हाई," ती म्हणाली आणि तिनं सरळ फोन लावला.

जनावरांची डॉक्टर तेजस्विनी तेव्हा तळवड्यात होती. तिनं दोनच गोष्टी विचारल्या, कधी पडली आणि पाय कुठं वाकडा दिसतोय का. मग म्हणाली, "घोड्याला फार वेळ पडून राहणं सोसत नाही, आजी. स्वतःच्याच वजनाखाली त्याचं मांस मरायला लागतं, छाती दबते. मी निघालेच. तोवर कुणी उचलू नका, शांत पडू दे तिला."

ठकुबाईनं हे सांगितलं तेव्हा तात्याबानं गुलब्याकडं बघितलं. बैल दिवसदिवस बसतो आणि उठतो. हे जनावर पडल्यापडल्याच मरतं? रस्त्यावर कंपन्यांचे कंटेनर एकामागं एक खोळंबलेले, त्यांचे हॉर्न गोठ्यापर्यंत ऐकू येत होते, आणि त्या गर्दीतून डॉक्टरीण कधी पोचणार देव जाणे. तो पाखरीच्या मानेवर तसाच बसून राहिला, तिच्या कानामागं खाजवत. "जाऊ नगं बाय," तो म्हणत होता. "एवढं ऐक माजं." त्याला भीती वाटत होती, आणि ती लपवायचं भानही त्याला राहिलं नव्हतं.

तेजस्विनी स्कूटरवरून आली. हेल्मेट काढता काढता तिनं गोठ्यात नजर टाकली आणि जागीच थांबली.

"आजोबा, आधी मानेवरून उठा."

"मी उठलो तर डोकं आपटंल की ती."

"आपटू दे, पण मान उचलू दे. घोड्याला उठू द्यायचं नसतं ना, तेव्हा आम्ही त्याच्या मानेवर बसतो."

ठकुबाईनं दंडाला धरून उठवलं, तसा तात्याबा बाजूला झाला. तिचं बोलणं त्याच्या कानात शिरलं होतं, पण अजून डोक्यात पोचलं नव्हतं.

तिनं पाखरीला तपासलं, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, आणि खंडूला पिटाळलं. कोरडी माती आण, पोती आण, सगळा कोबा झाकून टाक. इंजेक्शन लागू पडेपर्यंत ती पाखरीपाशी बसली आणि तिचा पुढचा पाय मांडीवर घेतला. तात्याबा समोर टेकला.

"आजोबा, बैल कुठून उठतो?"

"मागनं. पुढचं गुडघं टेकून आधी ढुंगान वर."

"घोडं उलटं. आधी पुढचे पाय लांब काढतं, मान वर फेकतं, कुत्र्यासारखं बसतं आणि मग मागून जोर लावून उभं राहतं. मानेचा झोका हाच त्याचा जोर. तो अडवला की संपलं."

तेजस्विनीनं तात्याबाचा हात धरला आणि पाखरीच्या पायाशेजारी ठेवला. मग आपलं बोट त्याच्या मनगटावर टेकलं. "हे तुमचं मनगट. आणि आपण सगळे हिचा गुडघा म्हणतो तो हा सांधा, हेही मनगटच. त्याच्या खाली तुम्हाला तळहात आणि पाच बोटं आहेत. हिला एकच. हे मधलं." तिनं त्याचं मधलं बोट चिमटीत धरलं. "आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. एवढी घोडी चार नखांवर उभी असते, चार नखांवर पळते."

"आन् बैल?"

"त्याचं हे आणि हे." मधलं आणि त्याच्या शेजारचं. "दोन बोटं, दोन नखं. चिखलात टाकलं की फाकतात, उपसलं की मिटतात, म्हणून रुतत नाहीत."

तात्याबानं आपला हात डोळ्यांसमोर धरला. बैलांना पत्री, म्हणजे नाल, मारताना किती खुरं त्यानं मांडीवर घेतली होती! दुभंगलेलं खूर तर त्यानं झोपेतही ओळखलं असतं. पण ते बोट आहे, आपल्याच हाताला आहे तसलं, हे कधी मनाला शिवलं नव्हतं. त्यानं मधली दोन बोटं टेकून तळहात उभा धरून बघितला. मग एकच बोट टेकून बघितलं. बोट थरथरायला लागलं.

"आन् ही बसत का न्हाई?" त्यानं विचारलं. जन्मात पहिल्यांदा त्याला विचारताना लाज वाटली नाही.

"मागच्या पायात तिची गुडघ्याची वाटी असते, ती हाडावर अडकते. दाराला कडी घालावी तशी. कडी घातली की पाय वाकत नाही, मग ती खुशाल उभ्यानं पेंगते." तिनं त्याचा हात पाखरीच्या खांद्यावर नेला. "आणि इथं चाचपा. हा पुढचा पाय धडाला हाडानं कुठं जोडलेलाच नाही. मांसाची झोळी आहे. सगळी छाती त्या झोळीत टांगलेली. म्हणून उडी मारून खाली आली तरी धक्का बसत नाही."

तात्याबानं चाचपलं. हाडाला हाड खरंच लागलं नाही. नुसतं ऊन, जिवंत मांस, आणि त्याच्याखाली धडधड. मग त्यानं गुलब्याकडं बघितलं. "ह्येचंबी तसंच?"

"त्याचंही."

"म्हंजी आमचा गोरक्ष कंपनीत शॉकअप करतोय," तो हळू आवाजात म्हणाला, "आन् हितं दावणीला पयल्यापास्नं बांधल्यालाच हाय." एवढी वर्षं ज्या देवळात तो रोज झाडलोट करत होता, त्याच्या गाभाऱ्यात त्याला आज कुणीतरी नेलं होतं.

माती पसरून झाली. चौघांनी मिळून पाखरीला कुशीवरून छातीवर आणलं आणि पुढचे पाय लांब काढून मातीवर ठेवले. शेपटीपाशी खंडू.

"तोंडाचा दोर तुम्ही धरा, आजोबा," तेजस्विनी म्हणाली. "पण नुसता धरा. तिनं मान फेकली की सोडून द्यायचा. ओढायचा नाही."

आयुष्यभर हे हात धरायलाच शिकले होते. पाखरीनं एक लांब श्वास घेतला. मग मान मागं गेली आणि एकदम वर उसळली, आणि दोर ताणला, आणि तात्याबाच्या मुठी आपोआप आवळल्या. आता पडेल, डोकं फुटेल. एक क्षण त्यानं धरून ठेवलं. मग दोन्ही हात उघडले.

पुढचा एक खूर मातीत रुतला. दुसरा रुतला. ती खरंच कुत्र्यासारखी बसली, एवढं थोरलं जनावर, छाती वर, पुढचं सगळं धड त्या न दिसणाऱ्या झोळीत तोललेलं. मग मागून एक हिसका, आणि पाखरी उभी. चार नखांवर उभी. पाय लटपटत होते, पण उभी.

खंडू ओरडला. ठकुबाईनं पदर तोंडाला लावला. तात्याबा मात्र रिकाम्या हातांकडे बघत होता. डॉक्टरीणबाईचं ते मानेवर बसायचं बोलणं आत्ता त्याच्या डोक्यात पोचलं होतं.

"काय बी मोडलं नव्हतं गं," तो पाखरीला म्हणाला. "तू कवाचीच उठली असतीस. मीच बसलो व्हतो वर." आणि तो सगळ्यांदेखत रडला.

संध्याकाळी गोरक्ष घरी आला तर म्हातारा पहार घेऊन नवा कोबा फोडत होता. "आबा, अहो, आत्ताच केलाय!" गोरक्ष म्हणाला. "फोडू दे," ठकुबाई आतूनच म्हणाली. कोबा निघाला, मुरूम पडला, वर माती पडली.

पण पाखरी आता मातीवर पडायलाही भ्यायची. तेजस्विनीनं सांगून ठेवलं होतं, उभ्यानं पेंगली तरी गाढ झोप घोड्याला पडूनच लागते. थोडीच लागते, पण लागते. जिथं भरवसा नाही तिथं ते पडत नाही, आणि फार दिवस पडलं नाही तर उभ्याउभ्या कोसळतं. मग तात्याबानं रोज दुपारी गोठ्यात जमिनीवरच बसायला सुरुवात केली, भिंतीला टेकून, काही न करता. गावात लोक हसले. म्हातारं घोडीच्या नादी लागलं म्हणाले. लागलं तर लागलं.

एका दुपारी पाखरीनं खुरानं माती उकरली. हुंगली. जागच्या जागी गिरकी घेतली. मग पुढचे पाय दुमडले आणि तात्याबापासून हातभर अंतरावर अख्खी घोडी खाली आली, आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले. ठकुबाई चहा घेऊन आली. त्यानं नुसता हात वर केला, तशी तीही दारातच बसली. दोघं श्वास रोखून एक घोडी झोपलेली बघत होते.

मग कंपनीचा भोंगा वाजला आणि दोन्ही जनावरं एकदम उठली. गुलब्यानं गुडघे टेकले आणि मागचा डोलारा वर नेला. पाखरीनं पाय लांब टाकले, मान आभाळाकडं फेकली आणि पुढून उभी राहिली. एकच माती, एकच भोंगा, तीच हाडं, आणि उठायच्या दोन तऱ्हा. तात्याबाचे हात कधी जोडले गेले ते त्याला कळलं नाही.

"चहा निवला," ठकुबाई म्हणाली आणि रोजच्यासारखी त्याला दंडाला धरून उठवायला लागली. गुडघे गेलेल्या माणसाला दुसरं कोण उठवणार?

"सोड," तो म्हणाला. "बघू दे तरी, मी कुठनं उठतोय."

तिनं सोडलं. त्यानं दोन्ही हात मातीत टेकले, कण्हला, गुडघ्यांवर आला आणि आधी ढुंगण वर केलं.

"बैलच," ठकुबाई म्हणाली.

तात्याबा तसाच, हात मातीत, हसायला लागला, आणि पाखरीनं वाकून त्याच्या उपरण्याचं टोक दातांत धरलं.