पाणडुबीचं पांघरूण

जावई पहाटे पाचला उठतो, याचं लिलाबाईंना काडीचं कौतुक नव्हतं. झाडाच्या रंगाची पँट, झाडाच्याच रंगाचा सदरा, वर तसलीच टोपी घालायची, आणि एवढं झाड होऊनही घरभर पाय आपटत फिरायचं, ही त्यांची तक्रार. त्यात गाडीत बसलं की सगळ्यांना गप्प करायचं. आवाजानं पक्षी उडतात म्हणे. मोटारीत कुठले पक्षी!

पण जावयाला तोंडावर बोलायचं नाही, ही त्यांच्या गावची, भडगावची रीत. पाठीमागे किती बोलावं, याला रीतीनं हद्द घातलेली नव्हती. म्हणून ते सगळं लेकीला, साक्षीला, ऐकावं लागे.

"आई, एकदा जा ना त्यांच्यासोबत मेहरूणच्या तलावावर. त्यांना बरं वाटेल."

"मी काय पाखरं पाह्यली नहीत का? गिरणाच्या काठावर जन्म गेला माझा."

तरी रविवारी गेल्या. जावयानं, संघपालनं, पंधरा-वीस माणसं जमवली होती. कुणी बँकेतला, कुणी शाळेतला, एक दातांचा डॉक्टर. कॅमेऱ्याची नळी एवढी लांब की धरायला दुसरा गडी लावावा. समोर बगळा उतरला, तर तिघांनी पुस्तक उघडलं. बगळा ओळखायला पुस्तक लागतं, तर म्हैस ओळखायला काय कोर्टाचा कागद लागत असेल? लिलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

संघपालनं आज सगळ्यांना पाणडुबीची अंडी दाखवायचं कबूल केलं होतं. काठापासून चार पावलांवर, पाणकणसाच्या उंच पात्यांच्या आडोशाला, शेवाळाचा आणि कुजक्या पाल्याचा एक गोळा तरंगत होता. माणसं जवळ येताना दिसली तशी त्यावरची बुटकी पाखरीण उठली. चोचीनं भराभर ओला पाला ओढला आणि डुबकी मारून गडप झाली.

"अंडी कुठं आहेत, सर?" दातांच्या डॉक्टरनं विचारलं.

"खाली आहेत. वर कचरा साचलाय." संघपालनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हातातली काठी सरसावली.

 तोंडावर न बोलायची रीत होती, पण लिलाबाईंचे पाय पुढे गेलेच.

"जावईबापू, तो कचरा नही शे. तिचं पांघरून शे ते. उठून जाताना झाकून जाते ती. नजर लागू नये, कावळा येऊ नये. काठी नका लावू."

"मामी, तुम्ही सावलीत बसा बरं," संघपाल सासूला हसून म्हणाला. मागचेही हसले.

मग त्यानं काठीनं पाला सारला. फोटोच्या मध्ये येणारी पाणकणसं बुडापासून मोडली. चार अंडी उघडी पडली, पाल्याच्या रसानं मळकट झालेली. कॅमेरे ताशासारखे तडतडले. एकानं अंड्यांकडे पाठ करून स्वतःचाही फोटो काढला.

"झालं ना? आता झाका ते."

"तिचं ती बघेल, मामी. निसर्गात माणसानं हात घालायचा नसतो."

एवढं शहाणपण सांगून तो सगळ्यांना घेऊन पोहे खायला रस्त्यापलीकडे गेला.

लिलाबाई हलल्या नाहीत. दूर पाण्यात पाणडुबीचं डोकं वर यायचं, बघायचं, परत बुडायचं. काठावर माणूस उभा. ती येणार कशी? म्हणून लिलाबाई मागे सरल्या, आणि त्या सरल्या तेवढ्यात बाभळीवरचा कावळा उतरला.

"हाऽ! हाऽ! मेल्या!" एक चप्पल गेली, दुसरी गेली. दोन्ही पाण्यात पडल्या. कावळ्यानं एक अंडं फोडलं, दुसऱ्या खेपेला एक चोचीत धरून नेलं.

तिसऱ्या खेपेला तो यायच्या आत लिलाबाई पाण्यात होत्या. घोट्याएवढा गाळ, साडी गुडघ्यापर्यंत ओली. दोन अंड्यांवर त्यांनी ओंजळीनं पाला ओढला, दाबला नाही, नुसता ठेवला. मोडलेली पाणकणसं आडवी रचून आडोसा केला. मग बाहेर येऊन लांब झुडपामागे बसल्या. बऱ्याच वेळानं पाणडुबी आली. गोळ्यावर चढली, पाला बाजूला केला, खाली वाकून पाहिलं. जरा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग बसली.

मंडळी परतली ती हातात चहाचे कप घेऊन. संघपालनं दुर्बीण लावली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "बघा! आली की नाही परत? सांगितलं होतं ना, निसर्ग आपलं आपण सांभाळतो." मग त्याची नजर सासूवर गेली. "अहो मामी, हे काय? साडी, पाय... लोक काय म्हणतील?"

लिलाबाईंनी चिखलाचे हात पदराला पुसले. गावची बोली बाजूला ठेवली, शहरातल्यांना शब्दन् शब्द कळावा म्हणून.

"जावईबापू, ती आली ती दोन अंड्यांवर. दोन कावळ्यानं खाल्ली. मी त्याला चप्पल फेकून मारली, ती उगीच त्याला मारली. त्याला भूक लागली होती. तुम्हाला तर पोहे होते. तुम्हा दोघांत कावळा बरा."